बाईंच्या पडवीतली तीन सुपं

आदरणीय कुमुद म्हात्रे बाईंची आणि माझी पहिली ओळख सुपांवरून झाली. बाई हायस्कुलातून निवृत्त होऊन नागावला आमच्या आळीत नुकत्याच राहायला आल्या होत्या. एका सकाळी आमच्या वाडीच्या फाटकाशी येऊन म्हणाल्या, "तीन सुपं मिळतील का? महिनाभर लागतील." महिनाभर सुपं लागतात म्हणजे घरात कार्य असणार, असं मी धरून चालले. चांगली सारवलेली सुपं काढून दिली आणि विचारलं, "मुलीचं लग्न का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "गणित."

आणि सुपं काखेत मारून चालू लागल्या.

आमच्याकडे शनिवार-रविवारी पाहुणे उतरतात. त्या आठवड्यात तांदूळ पाखडायला घरात सूप उरलं नाही, म्हणून मी बाईंच्या घरी गेले. पडवीत आळीतल्या चार-पाच लेकी-सुना बसल्या होत्या. समोर माझी सुपं ओळीने मांडलेली आणि त्यांत धान्याऐवजी कागदाच्या पट्ट्या. मी उभी राहून बघत होते, तर बाई म्हणाल्या, "बसा ना. सूप हवं असेल तर थोडं थांबावं लागेल. यांचं पाखडून व्हायचंय." मी बसले. ती बसले ती दहावी पास होऊनच उठले, असं आमच्या घरात थट्टेने म्हणतात.

माझं शाळेतलं शिक्षण चौथीपर्यंत. बाकीचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. त्यामुळे बाईंच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात मी लिहावं असं संपादक मंडळींनी सुचवलं, तेव्हा आधी घाबरले. बाईंचे मोठमोठ्या हुद्द्यांवरचे विद्यार्थी या ग्रंथात लिहीत आहेत. पण पडवीतल्या वर्गाबद्दल पडवीत बसलेल्या बाईनेच लिहावं, म्हणून हे धाडस.

बाईंची पद्धत साधी होती. बाहेरून दहावीला बसणाऱ्या आम्हा बायकांची त्या अधूनमधून सराव परीक्षा घ्यायच्या. पेपर तपासून परत द्यायच्या, पण वर एकूण मार्क लिहायच्या नाहीत. आम्ही विचारलं तर म्हणायच्या, "शाळेत मी वर्षानुवर्षं लाल शाईने आकडा लिहिला. पोरं आकडा बघायची आणि पेपर मिटून खिशात घालायची. आत काय चुकलंय ते पुन्हा कोणी उघडून बघितलं नाही."

मग प्रश्नपत्रिका कात्रीने कापायची. एका प्रश्नाची एक पट्टी. जे नीट आलं ते पहिल्या सुपात. जे येतं पण हातून निसटलं ते मधल्या सुपात. जे अजून समजलेलंच नाही ते तिसऱ्यात. पट्टी सुपात टाकताना ती तिथे का, हे मोठ्याने सांगायचं. "चुकून चुकलं" हे उत्तर बाईंना चालायचं नाही. "घाईत वजाचं चिन्ह सुटलं", "प्रश्न अर्धाच वाचला", असं सांगावं लागायचं. आमटी बिघडली तर मीठ जास्त झालं की चिंच, हे चाखून कळल्याशिवाय सुधारता येत नाही. बाई आमच्याकडून तसं चाखून घ्यायच्या.

पुढचा अभ्यास मधल्या सुपापासून. आम्हा सगळ्यांना वाटायचं, जे येत नाही त्यालाच आधी भिडावं. बाई म्हणायच्या, "अर्धं शिजलेलं आधी उतरवा, चूल मोकळी होईल." तिसऱ्या सुपातली एकच पट्टी एका वेळी उचलायची. आणि पहिलं सूपही आठवड्यातून एकदा हलवून बघायचं, कारण ठेवलेल्या धान्यालाही कीड लागते. एवढाच बाईंचा अभ्यासाचा आराखडा, पण तो प्रत्येकीचा वेगळा असायचा. माझ्याकडे शनिवार-रविवारी पाहुण्यांची गडबड, म्हणून त्या दोन दिवसांत माझ्यासाठी नवीन काही नाही. उलट एकदा बाईच आमच्या स्वयंपाकघरात आल्या, विळी पुढे ओढली आणि नारळ खवता खवता माझ्याकडून प्रमेय म्हणवून घेतलं. नारळ त्यांनी फार वाईट खवला, करवंटीचा भुगा खोबऱ्यात उतरला होता, हेही इथे नोंदवायला हवं. बाईंना स्वयंपाक येत नाही आणि त्यांचा चहा पाकासारखा गोड असतो. या दोन्ही बाबतीत गेल्या इतक्या वर्षांत सुधारणा नाही.

बाईंचा न्याय स्वतःलाही तोच होता. एका सराव परीक्षेत भूमितीचा एक प्रश्न झाडून सगळ्यांच्या तिसऱ्या सुपात गेला. आम्ही ओशाळून बसलो. बाईंनी त्या सगळ्या पट्ट्या गोळा करून स्वतःच्या मांडीवर ठेवल्या. "एकीला आलं नाही तर तिचा अभ्यास कमी पडला. कोणालाच आलं नाही, म्हणजे माझं शिकवणं कमी पडलं. हा माझा निकाल," असं म्हणून दुसऱ्या दिवशी तो धडा त्यांनी पहिल्यापासून शिकवला. या वेळी अंगणात दोरी आणि खुंट्या लावून. निकाल वाचायचा तो दोन्ही बाजूंनी, हे मी त्या दिवशी शिकले.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी लिहायला बसले, ती सांगते. ती दर्शनाची आहे. तिची परवानगी घेतली आहे. ती म्हणाली, "काकी, लिहाच. बाईंच्या कौतुकात माझी लबाडी खपून जाईल."

दर्शना आमच्या पलीकडच्या आळीतली सून. सासरे नाना यांच्या घराण्याचं पूर्वी पेणच्या बाजूला मिठागर होतं, आता ट्रक आहेत. दर्शनाला नर्स व्हायचं होतं आणि दहावी राहिली होती. नाना माणूस वाईट नाही, पण सगळं एका शब्दात हवं. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, "त्या सरावाच्या परीक्षेत निम्मे मार्क पडले तर मोठ्या परीक्षेला बस. न्हायतर पुस्तकं बांधून ठेव."

गणिताची सराव परीक्षा झाली. दर्शना माझ्या शेजारी बसली होती. पेपरात एक प्रश्न असा होता: पाच शेकडा नारळांपैकी वीस नासके निघाले, उरलेले दोन गाड्यांत तीनास दोन या प्रमाणात भरले, तर मोठ्या गाडीत किती? माझं उत्तर आलं तीनशे. इतकं गोल उत्तर बघून मी खूश. पट्टी सुपात टाकायची वेळ आली तेव्हा कळलं, बरोबर उत्तर दोनशे अठ्ठ्याऐंशी. बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "आमच्या वाडीत शेकडा मोजला की चार नारळ वर घालतात. सासूबाईंपासूनची रीत. म्हणजे पाच शेकड्यांचे पाचशे वीस. वीस नासके गेले, पाचशे उरले." सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. "गणित बरोबर आहे, अनसूयाताई. फक्त बोर्डाचे नारळ तुमच्या वाडीतले नाहीत. मधलं सूप."

वर्ग सुटल्यावर बाईंनी दर्शनाला थांबवलं. मी चप्पल घालत होते, तर म्हणाल्या, "तुम्हीही थांबा. नारळ तुमचे आहेत." दर्शनाचा पेपर त्यांच्या हातात होता. तिचंही उत्तर तीनशे.

"दर्शना," बाई म्हणाल्या, "तुझ्या सासरी आधी मीठ होतं, आता ट्रक आहेत. हे वरचे चार-चार नारळ तुझ्याकडे कुठून आले?"

मला हसू आलं होतं, पण दर्शनाचा चेहरा बघून ते विरलं. ती खाली बघत म्हणाली, "काकींचं बघून लिहिलं. सगळंच नाही, पण बरंच. किती झाले?"

"बावन्न."

"मग बाई, नानांना बावन्नच सांगा. तुमच्या पाया पडते. ते उद्या विचारायला येणार आहेत."

"आणि बोर्डाच्या परीक्षेला काकी शेजारी नसतील, तेव्हा?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "खोट्या बावन्नवर मी तुझा अभ्यास कसा आखू? त्यात तुझं काय आणि यांचं काय, मला कळायचं नाही. मला तुझे खरे मार्क दे. कितीही कमी असू देत. कमी मार्कांपासूनच माझं काम सुरू होतं."

"नानांचं तिथे संपतं," दर्शना म्हणाली.

बाईंनी तिला नवा पेपर दिला आणि आतल्या खोलीत एकटीला बसवलं. मला म्हणाल्या, "तुम्ही चहा करा. मी केला तर ही पिणार नाही." दर्शनाने पेपर सोडवला. अठ्ठावीस पडले. पासाला पस्तीस लागतात, निम्मे तर दूरच राहिले. पट्ट्या तिने स्वतःच कापल्या.

दुसऱ्या दिवशी नाना आले. पडवीत टेकले आणि म्हणाले, "बाई, मला आकडा सांगा. बाकीचं मला कलत न्हाय."

बाईंनी सांगितलं, "अठ्ठावीस. शंभरात."

मी दाराआड उभी होते. बाई थोडं वाढवून सांगतील, निदान शब्द फिरवतील, अशी मला आशा होती. नाना उठले. "मंग झालं. चल गो पोरी."

"नाना, आकडा मागितलात, दिला. खोटा दिला नाही," बाई म्हणाल्या. "आता हा कशाचा झाला ते बघून जा. बसा."

बाईंचं "बसा" ऐकून उभा राहिलेला माणूस मी अजून बघितलेला नाही. नाना बसले. दर्शनाने तिन्ही सुपं त्यांच्यापुढे ठेवली. पहिल्यात थोड्या पट्ट्या. तिसऱ्यात त्याहून जास्त. मधलं सूप भरलेलं. बाई म्हणाल्या, "पोरी, सांग नानांना." आणि दर्शना एकेक पट्टी उचलून सांगू लागली. हे येतं, पायरी गाळली. हे येतं, शेवटचा भागाकार चुकला. सांगता सांगता तिचा आवाज सुटत गेला. आपल्याला इतकं येतं, हे ती स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होती.

नानांनी तिसऱ्या सुपाकडे बोट केलं. "आनि ह्याचं काय?"

"त्याला सध्या हात लावायचा नाही. मधलं सूप पहिल्यात रिकामं केलं की ही पास होते."

नानांनी मधलं सूप पुढे ओढून हलवून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे वाटेवरचा माल आधी भरायचा. आडगावचा जमला तर." 

"अगदी तसंच."

"मंग हे रिकामं करायला काय लागंल?"

"दुपारचे दोन तास. कोणी हाक मारायची नाही. चहालासुद्धा नाही."

नाना सुनेकडे न बघता म्हणाले, "चहा मला करता येतो. मिठागरावर मीच करायचो." आणि जाता जाता पायरीवर थांबून म्हणाले, "पुढच्या टायमाला आकडा नको, बाई. सुपंच दाखवा."

पुढच्या वेळी त्यांनी सुपंच बघितली. दर्शना दहावी झाली, बारावी झाली, नर्सिंग झालं. आज ती म्हसळ्याच्या बाजूला एका दवाखान्यात काम करते. मीही दहावी झाले, गणितात काठावर. बोर्डाच्या पेपरात नारळ आले नव्हते.

बाईंनी पडवीतल्या वर्गाची फी कधी घेतली नाही, आणि आपण कोणावर उपकार करतो आहोत अशी चाहूलही लागू दिली नाही. पण मला त्यांचं याहून मोठं वाटतं ते हे, की त्यांनी खरा आकडा लपवला नाही आणि त्या आकड्यापाशी कोणाला सोडूनही दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर बाईंची तब्येत जरा ढासळली. सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट आला तो त्यांनी घडी घालून उशीखाली ठेवला. आकडे बघून पेपर मिटणाऱ्या पोरांसारखाच. दर्शना सुट्टी काढून आली, मला म्हणाली, "काकी, सुपं काढा." आणि रिपोर्टची झेरॉक्स बाईंच्या पलंगाशी बसून तिने कात्रीने कापली. बाई चिडल्या. "मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. पाखडतेय," दर्शना म्हणाली.

हृदय, मूत्रपिंड पहिल्या सुपात. गुडघे तिसऱ्यात, त्यांचं नंतर बघू. साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाब मधल्यात. "आता मोठ्याने सांगा, साखर इथे का?" दर्शनाने विचारलं. बाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "चहा."

तेव्हापासून बाईंचा चहा आमच्या घरून जातो. त्यांना तो आवडत नाही. पण दर तपासणीला मधल्या सुपातली एखादी पट्टी पहिल्यात जाते आहे, हे या ग्रंथाच्या सर्व वाचकांना कळवायला मला आनंद वाटतो.

बाई, पंचाहत्तरी ही तुमची सराव परीक्षा समजते. मोठी अजून खूप लांब आहे आणि ती लांबच राहो. गुडघे कुरकुरले तरी पडवी उतरण्याइतके चालोत. डोळे कागदाच्या पट्ट्या वाचण्याइतके शाबूत राहोत. आणि एक सांगायचं राहिलं. महिनाभरासाठी म्हणून नेलेली सुपं तुम्ही अजून परत केलेली नाहीत. मी मागणार नाही. यंदा पडवीत नव्या सहाजणी बसल्या आहेत. तुम्हाला ती सुपं अजून खूप वर्षं लागणार आहेत.