पापणीचा एक केस

कुसुमबाईंनी पहिल्या भेटीत मला नाव विचारण्याआधी श्वास रोखायला सांगितला! नागपूरच्या प्रयोगशाळेत त्या उंदराच्या मेंदूचे काप काढत होत्या. काचेच्या सुरीमागच्या चमचाभर पाण्यात ते चंदेरी काप तरंगत होते. माझ्या एका फुंकरीने सगळे विखुरले असते. आज बाईंची साठी साजरी होते आहे, आणि आनंदाने पुन्हा श्वास अडकला आहे.

बाई नागभीडकडच्या ढिवर कुटुंबातल्या, तळ्यातल्या मासेमारीवर वाढलेल्या. दोन चेतापेशी एकमेकींना निरोप देतात त्या जागेला सायनॅप्स म्हणतात. तिथे पेशी चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. त्या फटीचे चित्र टिपण्यात बाईंनी उमेदीची वर्षे घातली. राग नाकावर, पण माया त्याहून जवळ.

मी त्यांचा विद्यार्थी, पण माझ्या हाती मात्र एकही स्वच्छ चित्र लागेना. वडील ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामाला. तिथेच माझ्यासाठी नोकरी बघून ते मला न्यायला आले. मेंदूचा शेवटचा तुकडा उरला होता. त्याचे काप मी काढले, तर ते पाण्याच्या कडेला जाऊन बसले. घाईने मी चिमटा उचलला.

"ओढू नको रे! पाण्यातल्याले ओढत नसतेत, वळवतेत," बाई ओरडल्या. काप वळवायच्या काडीवरचा केस तुटला होता. त्यांनी स्वतःच्या पापणीचा केस उपटला, नेलपॉलिशने काडीला चिकटवला आणि सगळे काप अलगद सूक्ष्मदर्शकात ठेवायच्या इवल्याशा जाळीवर घेतले.

दुपारी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर पाहतो तो काय! एका पेशीत निरोपाचे रसायन भरलेल्या गोल पुड्यांची दाटी, समोरच्या पेशीची काळीभोर कड आणि मध्ये लख्ख फट. मी किंचाळलोच. बाईंनी टाळ्या पिटत बाहेर बसलेल्या वडिलांना आत बोलावले.

"बाई, मधात तर फट हाय. मंग बात जाते कशी?"

"भाऊ, इकडच्या पुड्या फुटतेत, अन् तिकडची झेलते."

वडिलांनी पडद्यावरच्या फटीवर बोट ठेवले. मग म्हणाले, "मंग याले काऊन नेऊन राह्यलो मी?" संध्याकाळच्या बसने ते एकटेच परत गेले.

बाई, ती काडी आजही माझ्या टेबलावर आहे. तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो, हात असाच हलका राहो आणि रागसुद्धा असाच राहो. तुम्ही ठणठणीत शंभरी गाठा. आणि पापण्या जपा, अजून पुष्कळ काप वळवायचे आहेत!