आधी सामना होऊ दे

माझ्या धाकट्या भावाच्या खेळात कमावलेलं काही कायमचं राहत नाही. एखाद्या स्पर्धेत मिळालेले गुण बावन्न आठवडे नावावर असतात, मग एका सोमवारी उतरतात. तेवढेच पुन्हा मिळवले तर जागा टिकते, नाहीतर यादीत खाली. अण्णा हे मला पहिल्यांदा समजावत होते तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "म्हणजे रोज तेच भांडं घासायचं की. त्यात काय नवीन?"

अण्णा म्हणजे आमचे वडील. परभणीत विद्यापीठाच्या कचेरीत ते कारकून होते. आवारात साहेबलोकांच्या क्लबाचं मुरमाचं टेनिस कोर्ट होतं. साहेब येण्याआधी अण्णा कोर्टावर पाणी मारत, चुन्याच्या फक्कीने रेषा आखून ठेवत, आणि त्याबद्दल भावाला तासभर खेळू दिलं जाई. त्या तासातून तो घडला. पुढे तो दुहेरीचा व्यावसायिक खेळाडू झाला. टीव्हीवर दिसतात त्या स्पर्धांमधला नव्हे, त्यांच्याहून एक पायरी खालच्या. चॅलेंजर म्हणतात त्यांना. जानेवारीत थायलंड, फेब्रुवारीत आपल्याकडे, मग चीन, मग मध्य आशियातली शहरं. दर सोमवारी नवं गाव. सामने बघायला माणसं जवळजवळ नसतातच. खांबावर बसवलेला एक कॅमेरा सामना दाखवत राहतो. समालोचन करणारंही कुणी नसतं, नुसते चेंडूचे आवाज.

अण्णा दुपारी मोबाइल तांब्याला टेकवून ते बघत. एकदा काका चारठाण्याहून आले होते. थोडा वेळ वाकून बघून ते म्हणाले, "दादा, एवढं मोठं शहर, अन् बघायला कुत्रं न्हाई? आपल्याकडं माकडवाल्याभोवती यापेक्षा जास्त मानसं जमतात."

"मानसांसाठी खेळत न्हाई त्यो," अण्णा म्हणाले. "गप बस. सर्व्हिस हाय."

घरात अण्णांचा एक नियम होता. सामन्याआधी भावाला वाईट बातमी द्यायची नाही. तो बारा वर्षांचा असताना लातूरला खेळायला गेला होता. त्या दिवसांत त्याच्या बाकावरचा मित्र विहिरीत बुडून गेला. अण्णांनी त्याला ते चार दिवसांनी, परत येताना बसमध्ये सांगितलं. घरी येऊन तो दोन दिवस जेवला नाही. पुढे त्याचा नापासाचा निकाल, आईचं ऑपरेशन, माझं मोडलेलं लग्न, सगळं असंच मागून कळवलं गेलं. "आधी सामना होऊ दे," अण्णा म्हणत. मी कॉलेजात शिकवणारी, पुस्तकांत बसणारी बाई. मला तो नियम शहाणपणाचा वाटायचा. भावाचे अर्ज, व्हिसाचे कागद, पत्रव्यवहार मीच बघायची. त्यामुळे त्या खेळाचे कायदे मला घरात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते.

गेल्या वर्षी ऑगस्टात तो उझबेकिस्तानात होता. गेले दोन महिने बहुतेक पहिल्याच फेरीत हरत होता, तरी आधीच्या गुणांवर दुहेरीच्या यादीत शंभराच्या उंबरठ्यावर टिकून होता. इकडे रविवारी अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळलाय. सोमवारी दुपारी अण्णांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आई पायथ्याशी बसलेली होती.

"त्याला बोलव," अण्णा म्हणाले.

मी म्हणाले, "अण्णा, ड्रॉ निघालाय, कोण कुणाशी खेळणार ते ठरलंय. तो आता निघाला तर जोडीदाराचाही आठवडा जातो. परवा सामना आहे. तेवढा होऊ द्या, मग बोलावते."

त्यांनी मान उशीवर टेकवली. मग "बरं" म्हणाले. त्यांचाच नियम होता. त्याच्याविरुद्ध त्यांना काही बोलता आलं नसावं.

मंगळवारी पहाटे ते गेले.

सकाळी अंगणात माणसं जमली. काकांनी खिशातून फोन काढला. मी त्यांचा हात धरला.

"काका, उद्या सामना आहे त्याचा."

"अगं, बाप मेलाय त्याचा!"

"त्याला पोचायला परवा उजाडेल. तोवर अण्णांना ठेवणार आहात का?"

ते खरं होतं. काकांनी फोन खिशात ठेवला. आई म्हणाली, "तुला त्यातलं कळतं. तू म्हणशील तसं." एकुलता मुलगा असून मडकं चुलतभावाने धरलं, अग्नी त्यानेच दिला. गल्लीतल्या पोरांना मी बजावलं की मोबाइलवर काही टाकायचं नाही, फोटो नाही, श्रद्धांजली नाही.

एका दिवसाचा प्रश्न आहे अशी माझी समजूत होती. उद्या हरेल, मग सांगू. बुधवारी तो जिंकला.

"ताई, अण्णांना दे!" तो फोनवर ओरडतच होता.

"झोपलेत."

"आत्ता? सामना बघितला तरी का?"

"बघितला की."

"काय म्हणले?"

काहीतरी म्हणणं भागच होतं. मी म्हणाले, "म्हणले, दुसरी सर्व्हिस लय भित्री हाय."

तो हसला. "हे दरवेळचंच हाय त्यांचं."

गुरुवारी सकाळी अस्थी वेचल्या. दुपारी तो पुन्हा जिंकला. मी सांगितलं, अण्णांचा आवाज बसलाय, बोलता येत नाही. शुक्रवारी काका ओसरीवर फोन घेऊन बसले. त्यांचे डोळे वाहत होते आणि तोंडाने "मार की रे, मार" चाललं होतं. भेटायला आलेली शेजारीण दारातच थबकली. "सुतकात खेळ बघायलेत, बाई," ती बाहेर जाऊन कुणाला तरी म्हणाली. मला ऐकू यावं एवढ्या आवाजात.

त्या चार दिवसांत मी त्याच्या हरण्याची वाट पाहिली. प्रत्येक चेंडूला. हरला असता तर त्याला वडील गेल्याचं कळलं असतं. जिंकत गेला म्हणून कळलं नाही. अण्णांचा नियम एका सामन्यापुरता होता. जिंकणाऱ्यापुढे नेहमी आणखी एक सामना असतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, आणि तरी मी तोंड उघडलं नाही.

शनिवारी ते दोघे विजेते झाले. चषक हातात धरलेला फोटो आला, मागोमाग फोन. "आता तरी उठव अण्णांना."

मी सांगितलं.

बराच वेळ त्या बाजूने मैदान झाडल्याचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, "कवा?"

"मंगळवारी."

तो म्हणाला, "मंग दुसरी सर्व्हिस भित्री हाय, हे कोण म्हणलं?"

"मी."

फोन बंद झाला.

तो सोमवारी आला. त्याच सोमवारी यादीत तो पहिल्यांदा शंभराच्या आत होता. लोक यायचे, "लय वाईट झालं" म्हणायचे, चहा घ्यायचे आणि उठता उठता हळूच "अन् अभिनंदन बरं का" म्हणायचे. दहाव्याला त्याने केस उतरवले. चषक बॅगेतच होता, आईने काढून अण्णांच्या फोटोपाशी ठेवला. अण्णांनी त्याला बोलवायला सांगितलं होतं, हे मी त्याला सांगितलं नाही. आधी म्हटलं, तेरावा होऊ दे. मग म्हटलं, हंगाम संपू दे. वर्षभर फोनवर तो मला एवढंच म्हणायचा, "बरं हाय. आईला दे."

यंदा तारखेने धरलेलं वर्षश्राद्ध आणि गुण उतरण्याचा सोमवार एकाच आठवड्यात आले. तिथेच पुन्हा खेळून गुण राखता आले असते. त्याने अर्जच केला नव्हता. श्राद्ध झालं, काका गावी गेले. सोमवारी सकाळी मी पत्रावळ्यांचा उरलेला गठ्ठा बांधत होते, तो पायरीवर फोन बघत बसला होता.

"उतरले," तो म्हणाला. "चाळीस जागा खाली."

मी गठ्ठा खाली ठेवला. म्हणाले, "अण्णांनी तुला बोलवायला सांगितलं होतं. जायच्या आदल्या दिवशी. मी नाही बोलावलं."

त्याने वर बघितलं नाही. "माहितय. आईनं दहाव्यालाच सांगितलं मला."

"मग वर्षभर काही बोलला नाहीस?"

"तू कवा सांगतीस ते बघायलो होतो."

"आता सांगितलं ना."

"हां," तो म्हणाला. "सामना झाल्यावर."

दुपारच्या गाडीने तो गेला. आईच्या पाया पडला. मला "येतो" म्हणाला, जसं शेजाऱ्यांना म्हणतात.

आता सामना संपला की तो आईला फोन करतो. आईला त्यातलं काही कळत नाही. जिंकलास का हरलास, ती विचारत नाही. जेवलास का, एवढंच विचारते.