टीचरांचा ‘लई’

१४ मे. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. आमच्या भागात इमारती वाढत चालल्यात, पाणी तेवढंच. मी ड्रम भरत असताना छावणीतून सुशीला टीचरांच्या भाच्याचा, दानियलचा फोन आला. ‘काकू, आत्या गेल्या पहाटे.’ मी नळी दुसऱ्या ड्रममध्ये टाकली, पाणी जाईपर्यंत भरत राहिले आणि मग रिक्षा पकडली. काम अर्धवट टाकलेलं टीचरांना खपायचं नाही. पण रिक्षात डोक्यात एकच होतं... त्यांनी सांगितलेली दुरुस्ती मी केली नव्हती.

औरंगपुऱ्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर टीचर जुना शब्दकोश घेऊन बायबलची मूळ भाषा, हिब्रू, आपल्या आपण शिकल्या. दर रविवारी गंगापूरकडच्या त्यांच्या गावी जाऊन बायकांना बायबल समजावून सांगायच्या. दुष्काळ होता, बायका टँकरच्या रांगेत हंडे ठेवून यायच्या आणि हॉर्न वाजला की उठायच्या. त्यामुळे टीचरांचं बोलणं थोडकं, त्या बायकांच्याच भाषेतलं. त्याची पुस्तिका करायला त्यांनी मला कागद दिले. देवावर मनाने, जिवाने, शक्तीने प्रेम करा, ही आज्ञा तिथं सगळ्यांना पाठ. टीचरांनी मात्र ‘शक्तीने’च्या जागी सगळीकडे ‘लई’ लिहिलं होतं. मला ते खेडवळ वाटलं. त्यांना न विचारता मी कॉम्प्युटरवर सगळे ‘लई’ एकदम बदलून ‘शक्तीने’ करून टाकले.

एप्रिलअखेर त्या प्रूफ बघायला जिना चढून, धापा टाकत आल्या. लाल पेन एका ओळीवर थांबलं. ‘नंदा, दुधावर मशक्तीने धरते व्हय गं?’ ‘मलई’तलाही ‘लई’ गेला होता. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

‘टीचर, देवाच्या आज्ञेत लई शोभत नाही. लोक हसतील.’

‘हसू दे. मूळ शब्द मेओद. त्याचा अर्थच लई. जग घडवून देवानं बघितलं आन् लई चांगलं झालंय म्हटलं, तिथं हाच शब्द हाय. तिथं चालला, तुझ्या दुकानात नाय चालत?’ मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘माझ्यात शक्ती उरली नाय. मग मला आज्ञा माफ का? लई म्हणायला शक्ती लागत नाय, बाई.’

मी म्हटलं, ‘बघू.’ त्यांनी समासात एक ओळ लिहिली, कागद माझ्यापुढे सरकवला आणि कठडा धरून उतरून गेल्या. चहालाही थांबल्या नाहीत...

दफनाला गावच्या बायका टँकरची रांग सोडून आल्या होत्या. ‘लई जीव लावला टीचरनं,’ एक म्हणाली. सवयीने मी त्या वाक्यात ‘शक्तीने’ घालून पाहिलं. बसेना.

तीन आठवड्यांनी दानियल दुकानात आला. कबरीच्या दगडासाठी कारागिराला अक्षरं मापात छापून हवी होती. त्याने लिहून आणलं होतं : मनाने, जिवाने, शक्तीने प्रेम केले. मी ‘लई’ म्हणताच त्याचा आवाज चढला. ‘शिकलेली बाई होती ती, काकू. तिच्या दगडावर असला शब्द? लोक हसतील.’

माझंच वाक्य. मी प्रूफ काढून त्याच्यासमोर ठेवलं. समासात लाल शाईत होतं : ‘नंदाला पटेपर्यंत छापू नये.’

त्याने ती ओळ दोनदा वाचली. ‘पटलं का तुम्हाला?’

‘पटलं.’

‘मग कारागिराला तुम्हीच सांगा. माझ्यानं सांगवायचं नाय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी छापलेला कागद घेऊन मी कारागिराकडे गेले. त्याने छिन्नी उचलली, पुन्हा खाली ठेवली. ‘बाई, ये लई सही है ना? एक बार खोदा तो खोदा.’

‘लई बरोबर आहे,’ मी म्हटलं, आणि ‘ई’ कोरून होईपर्यंत तिथून हलले नाही.