आत्याची गाण्याची शिकवणी आणि माझी वेबसाइट

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझी आत्या बरकतपुऱ्यात घरीच मुलींना गाणं शिकवते. मी वेबसाइट बनवते. मध्यंतरी हौसेनं तिचीही केली, रील्स टाकल्या. आज गेले तर हॉल नव्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी भरलेला.

आत्या गात होती. एक आई म्हणाली, "आंटी, फिर से गाओ ना, व्हिडिओ कट हो गया."

आत्या पुन्हा गायला लागली आणि अंतऱ्याचे शब्दच विसरली. उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले.

"ते सगळं काढून टाक गं," ती म्हणाली. "समोर फोन धरला की मला गाता येत नाही. माझ्या जुन्या मुली जागा नाही म्हणून दारातूनच परत गेल्या."

"पण आत्या, किती लोक बघतायत तुला."

"म्हणूनच सांगते."

घरी येऊन साइट बंद केली, रील्स काढल्या. तरी चैन पडत नाही. रंग कोणता हवा, फोटो कोणता लावू, सगळं विचारलं होतं तिला. लोकांसमोर यायचंय का, एवढं विचारायचं राहिलं.

तुम्ही विचारता का घरच्यांना? आणि ते हो म्हणतात, ते स्वतःसाठी की तुमचं मन मोडू नये म्हणून?