दोन बहिणी कमी

माझी बायको मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्या लिहिते. जर्मनीत, गेर्लिंगेनमधल्या आमच्या इमारतीच्या तळघरात, वॉशिंग मशीनच्या शेजारी बसून. मी गिअरबॉक्स तपासण्याच्या कामात आहे, म्हणून तिची पहिली कादंबरीही तपासायला घेतली. उडत्या घोड्याला समुद्रापर्यंत जायला तीन दिवस लागत होते, परतायला अर्धा. मी चुकांचा तक्ता केला. एकूण सत्तेचाळीस भरल्या. तिने सगळ्या दुरुस्त केल्या. पुस्तकावर एकच परीक्षण आलं. त्यात घोड्याच्या वक्तशीरपणाचं कौतुक होतं.

दुसरी कादंबरी तिने मला दाखवलीच नाही. त्या कादंबरीला पुरस्कार मिळाला.

छापून आल्यावर मी ती वाचली आणि तिची खरी शैली मला तेव्हा कळली. एका वाक्यात तीन ऋतू बदलतात, नदीला खोकला होतो, तरी वाचणारा कुठे अडत नाही. मी अडलो. चौथ्या प्रकरणात राणीला अकरा बहिणी आहेत, बाराव्यात नऊ. दोनदा मोजल्या.

"चुकलंच माझं," ती म्हणाली. "पण परीक्षकांना नेमकं तेच आवडलंय. बहिणी गुपचूप नाहीशा होतात, ही म्हणे त्या राज्याची शोकांतिका. अहो, रविवारी पुण्याहून व्हिडिओवर मुलाखत आहे. तोंड बंद ठेवलंत, तर तिसरी कादंबरी सगळ्यांत आधी तुम्हाला वाचायला देईन."

मला ती हवी होती. पहिला वाचक असण्याची सवय लागली होती.

रविवारी मी सोफ्याच्या टोकाला, कॅमेऱ्याबाहेर बसलो.

"सर, तुमचा गुडघा दिसतोय," मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "या ना पुढे! त्या दोन बहिणींबद्दल तुम्हाला काय वाटलं?"

बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मला खोटं बोलता येत नाही.

"अकरा होत्या," मी म्हणालो. "मग नऊच राहिल्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही."

बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "किती हळवा वाचक मिळालाय हो तुम्हाला!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," बायको म्हणाली आणि घाईने पुढचा प्रश्न मागितला.

हस्तलिखित मिळालं. पेन्सिल मात्र काढून घेतली आहे, आणि मी वाचताना ती समोर बसते. काल दुसऱ्या प्रकरणात एकाच संध्याकाळी चंद्र दोनदा उगवला. माझं बोट ओळीवर थांबलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

मी पान उलटलं. "चहा टाकतेस?"