अब्बांना बाटलीभर कच्चं तेल बघायचंय

मंडळी, सुट्टीवर पौडला आलोय. आज अब्बांच्या गॅरेजमध्ये चहा पीत बसलो होतो. माझे हात बघून ते म्हणाले, "तेलाच्या विहिरीवर कामाला हायेस ना? मग माझेच हात काळे कसे? पुढच्या खेपेला बाटलीभर कच्चं तेल आण, बघू तरी कसं असतंय."

आता काय सांगू? इतकी वर्षं विहिरीवरचे वॉल्व्ह दुरुस्त करतोय, पण तेल मीही पाहिलेलं नाही. ते बंद पाइपातूनच जातं; वॉल्व्ह उघडतो तेव्हा पाइप आधीच रिकामा करून धुतलेला असतो. बाहेर दिसलं, तर ती गळती, मग पळायचं असतं. तसं सांगितलं.

अब्बा हसायलाच लागले. "मंजी काम नीट केलंस, तर तुला ते कधीच दिसायचं न्हाई व्हय?"

तुमच्यापैकी कुणी पाहिलंय का हो? कसं दिसतं? मलाही बघायचंय. फक्त माझ्या वॉल्व्हमधून नको.