दोन अर्धे चहा

रत्नागिरीच्या जेटीवर मी जिच्याकडून मासळी घेतो, तिच्या शेजारी तिचा नवरा बसलेला असतो. एकेकाळी तो मोठ्या होडीवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. दारूने हात थरथरायला लागले, तेव्हापासून त्याला कुणी होडीवर घेत नाही.

ती रोज दोन अर्धे चहा मागवते. मला तो चिक्कूपणा वाटायचा.

"अर्धाच का, मावशी?"

"भरलेला ह्यांच्या हातून सांडतो, मग चारचौघांत लाजतात. म्हणून मीपण अर्धाच घेते."

त्याला दारू सोडून महिना झाला म्हणून परवा तिने भरलेले कप मागवले. त्याने दोन्ही हातांनी कप उचलला, तरी चहा लुंगीवर सांडलाच. त्याची मान खाली गेली. तिने हळूच आपलाही कप कलंडवला आणि चहावाल्यावर ओरडली, "मेल्या, कप केवढे भरतोस!"